जोडव्याच्या बोटाचं दुखणं: फाटलेली पट्टी शिवायची की नाही?

ठाण्याच्या नौपाड्यातल्या एका ताईंनी विचारलंय. वय ४८, शाळेत शिक्षिका, मंगळागौरीच्या खेळांचा ग्रुप चालवतात. गेल्या श्रावणात बसफुगडी घालताना डाव्या पायाच्या अंगठ्याशेजारच्या बोटात सणकन कळ गेली. बोटाच्या बुडाशी सूज आली, जोडवं साबण लावून काढावं लागलं. तेव्हापासून चालताना चवड्याखाली खडा अडकल्यासारखं वाटतं. एका दवाखान्यात 'नस दबली आहे' म्हणून स्टिरॉइडचं इंजेक्शन मिळालं. तीन आठवडे आराम पडला, मग बोट अंगठ्याकडे झुकू लागलं, पण अजून हाताने सरळ होतं. आता एमआरआयच्या रिपोर्टात 'प्लांटर प्लेट, पार्शल टेअर', म्हणजे सांध्याखालची पट्टी अर्धवट फाटलीय, असं आलंय. एक डॉक्टर ऑपरेशन करा म्हणतात, दुसरे म्हणतात, बोटाचं कसलं ऑपरेशन करताय. नक्की काय झालंय, ऑपरेशन टळेल का, आणि पुढच्या श्रावणात खेळता येईल का, असे त्यांचे तीन प्रश्न आहेत.

ताई, एमआरआयच्या आधीच तुमच्या सांगण्यात निदान आलंय. जोडवं घट्ट झालं म्हणजे सूज बोटाच्या बुडाशी, सांध्यात होती. खडा टोचतो तो नेमका त्या सांध्याखाली. आणि बोट झुकलं म्हणजे त्याला जागेवर धरून ठेवणारं काहीतरी सैल झालं. नस दबल्याने बोट सहसा असं वाकडं होत नाही. तेवढ्या एका गोष्टीवरून पहिलं निदान पुन्हा तपासायला हवं होतं.

चवड्याच्या प्रत्येक सांध्याखाली एक जाड, चिवट पट्टी असते, तीच प्लांटर प्लेट. धड लिगामेंट नाही आणि धड कूर्चाही नाही, दोन्हीच्या मधलं काहीतरी. जाडी फार तर काही मिलिमीटर. बोटाच्या हाडाला ती घट्ट चिकटलेली असते, मागच्या लांब हाडाला, म्हणजे मेटाटार्सलला, मात्र बरीच सैल. तिची कामं दोन: टाच उचलली की अंगाचा भार झेलणं, आणि बोट वर सरकू न देणं. मराठीत तिला रूढ नाव नाही. मी पेशंटना 'तळपट्टी' सांगतो. ती फाटली की पायाचं तळपट होतं, हा माझा ओपीडीतला जुनाच विनोद.

फाटते ती बहुधा बोटाच्या हाडाला चिकटलेल्या टोकाशी, आणि तिथेही आधी करंगळीकडच्या बाजूने. तिकडचा आधार गेला की बोट अंगठ्याकडे झुकतं, मग हळूहळू वर उचललं जातं. असंच सोडून दिलं तर काही वर्षांत ते अंगठ्यावर चढून बसतं.

आता बसफुगडी. उकिडवं बसून चवड्यावर उड्या मारायच्या, टाचा अधांतरी, बोटं मागे मुडपलेली आणि सगळं वजन सांध्यांखालच्या या पट्ट्यांवर. त्या पट्टीला मुद्दाम ताण द्यायचा म्हटलं तरी याहून चांगला प्रकार सुचणार नाही. तरीही एका फुगडीत धडधाकट पट्टी सहसा फाटत नाही. ती आधीच झिजलेली असते, फुगडी फक्त शेवटचा धागा तोडते. सगळं उत्तर खरं तर याच मुद्द्यावर उभं आहे, कारण पट्टी शिवणं जमतं, पण ती झिजली का हे न शोधता शिवली तर पुन्हा उसवते.

झिजण्याची कारणं साधी असतात. काहींचं दुसरं मेटाटार्सल जन्मतः लांब असतं. काहींच्या अंगठ्याच्या बुडाशी हाड बाहेर आलेलं असतं, त्याला बनियन म्हणतात. त्यात अंगठा आपल्या वाटचा भार उचलत नाही आणि तो शेजाऱ्यावर पडतो. काहींच्या पोटऱ्या आखडलेल्या असतात, त्यामुळे चालताना टाच लवकर उचलली जाते आणि चवडा जास्त वेळ दाबाखाली राहतो. शिक्षकांच्या बाबतीत आणखी एक भर, पाच-सहा तास उभं राहणं, तेही बऱ्याचदा पातळ तळाच्या चपलेत.

म्हणूनच मी पेशंटला रोजची जुनी चप्पल घेऊन यायला सांगतो. नवी घालून येतात आणि जुनी पिशवीत ठेवतात, तीच मला हवी असते. चपलेच्या तळावर पाच बोटांच्या खुणा उमटलेल्या असतात. दुसऱ्या बोटाच्या मागे खोल खळगा आणि अंगठ्याची खूण पुसट असली, तर भार कुठे पडतोय हे एक्स-रेच्या आधीच कळतं. पायाच्या त्याच जागी जाड घट्टा असतो. लोक त्याला कुरूप समजून ब्लेडने तासत बसतात आणि तो पुन्हा येतो.

पुढची तपासणी हाताने. एका हाताच्या चिमटीत मेटाटार्सल पक्कं धरायचं, दुसऱ्या हाताने बोटाचं बूड धरून, बोट जरासं खाली झुकवून, सरळ वर उचलायचं. मागे वाकवायचं नाही, ड्रॉवर ओढतो तसं हाड उभं वर सरकवायचं. निरोगी सांध्यात ते जेमतेम हलतं. पट्टी फाटलेली असेल तर सांध्याच्या अर्ध्या रुंदीइतकं, कधी त्याहून जास्त वर येतं आणि पेशंट म्हणतो, 'हेच, हेच ते दुखणं.' थॉम्पसन आणि हॅमिल्टन या दोन ऑर्थोपेडिक सर्जननी १९८७ साली ही 'ड्रॉवर' चाचणी मांडली. तिला यंत्र लागत नाही आणि खर्चही नाही, तरी ती केलीच जात नाही. दुसऱ्या पायाचं तेच बोट आधी तपासावं, कारण काहींचे सांधे मुळातच लवचीक असतात.

घरी करता येण्याजोगी एक चाचणी सांगतो. उभं राहून बोटाच्या टोकाखाली कागदाची बोटभर रुंद पट्टी ठेवा, बोटाने दाबून धरा आणि कुणाला तरी ती ओढायला सांगा. कागद फाटला तर बोटाची पकड शाबूत आहे. अलगद निसटून आला तर पकड गेलेली आहे. दोन्ही पायांवर करून बघा.

आता त्या 'दबलेल्या नसे'बद्दल. मॉर्टन्स न्यूरोमा म्हणतात तो आजार खरा आहे, पण तो बहुतेक वेळा तिसऱ्या आणि चौथ्या बोटाच्या मधल्या खाचेत होतो. त्यात बोटांना मुंग्या येतात, बधिरपणा येतो, चवडा दोन्ही बाजूंनी आवळला तर कधी 'कट्' असं जाणवतं, आणि चप्पल काढून पाय चोळला की बरं वाटतं. दुखण्याची जागा दोन बोटांच्या मध्ये असते, सांध्याच्या थेट खाली नसते. पहिल्या-दुसऱ्या किंवा दुसऱ्या-तिसऱ्या बोटांमध्ये न्यूरोमा लिहून आला की मी आधी ड्रॉवर करतो.

हे शहाणपण मला फुकट मिळालेलं नाही. प्रॅक्टिसच्या सुरुवातीच्या वर्षांत एका बाईंना मीच दुसऱ्या बोटाजवळ न्यूरोमा समजून इंजेक्शन दिलं. आराम पडला म्हणून महिन्याभराने दुसरं दिलं. स्टिरॉइडने सूज उतरते, दुखणं थांबतं, पण झिजलेली पट्टी आणखी दुबळी होते, आणि दुखत नाही म्हणून माणूस त्याच पायावर दणादण चालतो. दोन महिन्यांनी त्या आल्या तेव्हा बोट सांध्यातून पूर्ण वर निखळलेलं होतं. मग शिवण्याइतकी पट्टीच उरली नव्हती. तुमच्या आधीच्या डॉक्टरांना मी दोष देणार नाही, पण दुसरं इंजेक्शन कुणी सुचवलं तर घेऊ नका.

एक्स-रे हवाच, पण उभं राहून, दोन्ही पायांवर सारखं वजन टाकून काढलेला. झोपवून काढलेल्या एक्स-रेत हाडं आरामात पडलेली असतात, भांडण दिसतच नाही. उभ्या एक्स-रेत मेटाटार्सलची लांबी, अंगठ्याचा कल, सांध्यातली फट आणि बोटाचा झुकाव मोजता येतो. शिवाय हाडाला पडलेली बारीक चीर किंवा मेटाटार्सलचं डोकं चपटं होण्याचा फ्रायबर्गचा आजार, हेही त्यातच सापडतं.

उभ्या एक्स-रेचा हा आग्रह तुमच्या दुखण्यापुरता नाही. दहीहंडीनंतरच्या आठवड्यात ठाण्यातल्या कुठल्याही ऑर्थोपेडिककडे पाय सुजलेले दोन-चार गोविंदा येतात. चवडा दुमडलेला असताना वरून वजन पडलं की पावलाच्या मध्यावरचं लिस्फ्रँक नावाचं लिगामेंट तुटतं. लिस्फ्रँक हा नेपोलियनच्या काळातला फ्रेंच सर्जन. त्याच्या नावाचं हे लिगामेंट अंगठ्याच्या बाजूच्या क्युनिफॉर्म नावाच्या हाडापासून दुसऱ्या मेटाटार्सलच्या बुडापर्यंत तिरकं जातं. पहिल्या आणि दुसऱ्या मेटाटार्सलच्या बुडांमध्ये दुसरा थेट बंध नाही, सगळी भिस्त यावरच. झोपून काढलेला एक्स-रे 'नॉर्मल' येतो, मुलाला क्रेप बँडेज देऊन घरी पाठवतात, आणि सहा महिन्यांनी कमान बसलेला, कायमचा दुखरा पाय समोर येतो. तळव्यावर, कमानीच्या जागी काळंनिळं दिसलं तर तो मुका मार नव्हे. वजन टाकून काढलेल्या एक्स-रेत दुसऱ्या पायापेक्षा तिथली फट दोन मिलिमीटरहून जास्त वाढलेली दिसली, तर तिथे स्क्रू किंवा प्लेट लागते, काहींना ते सांधे कायमचे जोडावे लागतात. उशिराने केलेलं तेच ऑपरेशन कमी फळतं.

घोडबंदर रोडवरच्या टर्फवर रात्री फुटबॉल खेळणाऱ्या मुलांचं दुखणं वेगळं. त्यांच्या अंगठ्याखालची पट्टी फाटते. कृत्रिम गवतात बुटाचं टोक रुततं, मागून दुसरा अंगावर येतो आणि अंगठा मागे मुडपतो. याला टर्फ टोच म्हणतात. बहुतेक मुलं टेप आणि कडक तळाच्या बुटावर बरी होतात. अंगठ्याखालच्या दोन वाटाण्याएवढ्या हाडांपैकी एखादं मागे सरकलं असेल, तरच चाकू.

तुमच्या एमआरआयकडे वळतो. रिपोर्टात 'पार्शल' लिहिलंय त्यावर फार विसंबू नका. पट्टी इतकी छोटी की स्लाइस जाड असतील तर निम्मी फाटलेली आणि पूर्ण फाटलेली यांत फरक करणं अवघड जातं. उलट एक गंमत अशी की पट्टी फाटल्यावर सांध्याच्या बाजूला जो व्रण धरतो, तो एमआरआयत न्यूरोमासारखाच दिसू शकतो. चांगल्या हाताने केलेली सोनोग्राफी इथे कधी कधी जास्त सांगून जाते, कारण बोट हलवत बघता येतं. माझा क्रम असा: बोट हाताला काय सांगतं ते पहिलं, उभा एक्स-रे दुसरा, एमआरआय तिसरा.

काहींना मी रक्ततपासणीही सांगतो. ती का, असं विचाराल. पायाच्या बोटांचे सांधे ही संधिवाताची आवडती सुरुवातीची जागा. सकाळी तासभर हातपाय आखडत असतील, दोन्ही पायांना सूज असेल, तर आरए फॅक्टर, अँटी-सीसीपी आणि युरिक ॲसिड बघून घ्यावं. साखरही बघावी. मधुमेहात तळव्याची संवेदना कमी झालेली असेल तर सगळा बेत बदलतो.

ऑपरेशन टळेल का? तुमचं बोट झुकलंय, पण अंगठ्यावर चढलेलं नाही आणि हाताने सरळ होतंय असं तुम्ही लिहिलंय. तेव्हा आधी १० ते १२ आठवडे मनापासून साधा उपचार करा. मनापासून म्हणतोय, कारण बहुतेक जण आठवडाभर टेप लावतात आणि 'काही फरक नाही' म्हणतात.

टेप अशी लावा. दीड सेंटिमीटर रुंद, वीतभर लांब पट्टी घ्या. तिचा मध्य बोटाच्या वरच्या बाजूला, जोडवं बसतं त्या जागी ठेवा. दोन्ही टोकं बोटाच्या बाजूंनी खाली आणून चवड्याखाली एकमेकांवरून ओलांडून तळव्यावर चिकटवा. बोट जरासं खाली ओढलेलं राहिलं पाहिजे. बोटाभोवती पूर्ण वेढा घालायचा नाही, रक्त अडतं. बोट गार किंवा निळसर वाटलं तर लगेच काढा. एक-दोन दिवसांनी बदला.

पॅड लावताना हमखास चुकतं. लोक ते दुखऱ्या जागेखाली ठेवतात आणि खडा आणखी मोठा होतो. पॅड दुखऱ्या जागेच्या मागे, टाचेच्या बाजूला हवं. जागा शोधायला आपल्याकडे सोपा उपाय आहे. दुखऱ्या टोकावर ओलं कुंकू लावा आणि चपलेतल्या सोलवर उभ्या राहा. डाग पडेल त्याच्या लगेच मागे पॅडची पुढची कड आली पाहिजे.

घरात फरशीवर अनवाणी चालणं बंद, स्वयंपाकघरातही आणि देवघरापर्यंतही. तेवढ्यासाठी एक वेगळी स्वच्छ, कडक तळाची चप्पल ठेवा, देव समजून घेईल. तळ न वाकणारा, पुढे किंचित उचललेला बूट सगळ्यात उत्तम. उकिडवं बसणं, चवड्यावर उभं राहून माळ्यावरचा डबा काढणं, दोन्ही बंद. पोटरीचा ताण मात्र रोज द्या. भिंतीला हात टेकून, मागचा गुडघा सरळ, टाच जमिनीला, अर्धा मिनिट, तीन-चार वेळा, सकाळ-संध्याकाळ.

एवढं करून दुखणं थांबलं आणि झुकणं वाढलं नाही, तर ऑपरेशन विसरा. बोट थोडं वाकडं राहील. वाकडं पण न दुखणारं बोट सरळ करण्यासाठी मी चाकू उचलत नाही. दुखणं तसंच राहिलं, ड्रॉवर वाढला किंवा बोट अंगठ्यावर चढू लागलं, तर मात्र रेंगाळू नका. बोट अजून लवचीक आहे तोवर शिवण्याजोगी पट्टी मिळते.

ऑपरेशन पावलाच्या वरच्या बाजूने होतं. पट्टी तळाशी आणि छेद वर, हे ऐकून पेशंट चक्रावतात. तळव्यातून जाता येतं, पण तिथला व्रण पुढे टोचत राहायची भीती असते, म्हणून मी वरून जातो. वरून पट्टी दिसत नाही, मेटाटार्सलचं डोकं आड येतं. तेव्हा वाइल नावाच्या सर्जनच्या पद्धतीने त्या डोक्याला तळव्याशी जवळजवळ समांतर काप देऊन ते तात्पुरतं मागे सरकवतात, बारीक तारांवर छोटा डिस्ट्रॅक्टर लावून सांधा उघडतात. खाली फाटलेली कड दिसते, कुजलेल्या दोरीसारखी पिंजलेली. ती साफ करून तिच्यात पक्के धागे ओवायचे, बोटाच्या हाडात दोन बारीक भोकं पाडून धागे वर काढायचे आणि बोट किंचित खाली झुकलेलं ठेवून गाठ मारायची. मेटाटार्सलचं डोकं मग दोन-तीन मिलिमीटर आखूड करून बारीक स्क्रूने बसवायचं. पट्टी का झिजली, त्याचं उत्तर या दोन-तीन मिलिमीटरांत असतं. तुमच्या अंगठ्याला मोठं बनियन असेल तर तेही त्याच वेळी सरळ करावं लागेल. ते सोडून फक्त बोट दुरुस्त करू म्हणणाऱ्याला कारण जरूर विचारा.

पट्टी शिवण्याजोगी नसेल तर बोट वाकवणारा लांब स्नायुबंध खालून सोडवून, मधोमध चिरून, दोन फाटे बोटाच्या दोन्ही बाजूंनी वर आणून बांधतात. बोट जागेवर राहतं, पण ताठ होतं. स्वतःहून मुडपता येत नाही.

धोकेही ऐकून ठेवा. या ऑपरेशननंतरची नेहमीची तक्रार म्हणजे बोट तरंगणं. उभं राहिल्यावर त्याचं टोक जमिनीला टेकत नाही. चालायला अडत नाही, पण बघायला खटकतं. सांधा थोडा आखडतो, तो जवळजवळ सगळ्यांचाच. व्रणाजवळ बधिरपणा राहू शकतो. जखम चिघळणं क्वचित, पण तंबाखू किंवा मिश्री लावणाऱ्यांत आणि साखर हाताबाहेर असलेल्यांत ते क्वचित राहत नाही.

कमरेखाली किंवा घोट्याभोवती भूल देऊन होतं, बहुतेकांना दुसऱ्या दिवशी घरी जाता येतं. चवडा अधांतरी ठेवणाऱ्या खास बुटात टाचेवर चालायचं. दोन आठवड्यांनी टाके काढायचे, त्यानंतर बोटाचे हलके व्यायाम, पण सहा आठवडे बोट खाली ओढून टेप. साधा बूट सहा ते आठ आठवड्यांनी. सूज मात्र चिवट असते, सहा महिने संध्याकाळी पाय जड वाटेल. पहिले दोन आठवडे पाय उशीवर, हृदयापेक्षा उंच. घरच्यांना आताच सांगून ठेवा की तेवढे दिवस चहा तुमच्या हातात आणून द्यायचा आहे.

आता श्रावणाचं. दिवाळी नुकतीच झालीय. माघापर्यंत टेप, पॅड, पोटरी. तोवर आराम पडला तर श्रावणात झिम्मा आणि उभी फुगडी बुटात, तीही मोजकी. नाही पडला तर माघ-फाल्गुनात ऑपरेशन उरकून घ्या, म्हणजे जखम पावसाच्या आधी कोरडी होईल आणि तलावपाळीच्या चिखलातून तुम्हाला बँडेज सांभाळत जावं लागणार नाही. श्रावणापर्यंत पाच-सहा महिने होतील. तेव्हा ग्रुपला शिकवता येईल, गाणी म्हणता येतील, झिम्मा बहुधा जमेल. बसफुगडी मात्र त्या वर्षी नाही, आणि खरं सांगायचं तर त्या पायावर पुन्हा कधीच नको.

जोडवं सध्या डबीतच राहू दे. सूज पूर्ण उतरली की घाला, पण जरा सैल आणि सहज निघेल असं. आणि कुठल्याही डॉक्टरकडे जाल तेव्हा पिशवीत ती जुनी चप्पल न्यायला विसरू नका.